करीची पोळी : वणी परिसरातील वासंतिक न्याहारीचा इतिहास

वणीच्या घरांमध्ये आज सकाळी सर्वांत सहजपणे होणारी न्याहारी म्हणजे आदल्या रात्रीच्या पोळ्यांचा कुस्करा, म्हणजेच उरलेल्या पोळ्या हाताने चुरून मोहरी, मिरची, कांदा आणि हळदीच्या फोडणीत परतलेला पदार्थ. तो इतका नित्याचा झाला आहे की त्याला काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु गव्हाची पोळी या मुलखात रोज केव्हापासून होऊ लागली, फोडणीला तेल कोणते आणि किती मिळत असे, सकाळी घरात कोण असे आणि गोठ्यावर कोण, हे प्रश्न एकामागून एक विचारत गेले, की हाच पदार्थ तीन-चार पिढ्यांपूर्वी बहुसंख्य घरांत वर्षातून मोजक्याच सकाळी शक्य होत होता, आणि त्या सकाळींपैकी पहिली होळीनंतरच्या करीची होती, हे ध्यानात येते. वसंतातल्या सणांचे उरलेले अन्न आणि त्याच दिवसांत घरोघरी होणारी न्याहारी यांचा विचार म्हणूनच एकत्र करावा लागतो.

वणीचे स्थान या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. निर्गुडा नदीकाठी वसलेले हे गाव यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व टोकाला असून तालुक्याच्या सीमेवरून वर्धा नदी वाहते आणि जुगादजवळ पैनगंगा तिला येऊन मिळते. वर्धा नदी ही केवळ दोन जिल्ह्यांमधली हद्द नाही. तिच्या पश्चिमेला काळ्या जमिनीतली ज्वारी आणि कापूस यांचे वऱ्हाड, तर पूर्वेला चांद्याचा जुना गोंडवनी मुलूख आणि त्यापलीकडे तळ्यांच्या पाण्यावर धान पिकवणारी झाडीपट्टी, अशी धान्यांचीही ती हद्द ठरते. दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की तेलुगू बोलणारा आदिलाबादचा प्रदेश लागतो, आणि तालुक्याच्या डोंगराळ बाजूला गोंड व कोलाम यांची वस्ती आहे. भाकर, भात, चिंच आणि मोह या चारही गोष्टी एका दिवसाच्या बैलगाडीच्या अंतरात असलेली गावे वऱ्हाडात फार थोडी आहेत. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केल्यानंतर जी जिल्हारचना झाली, तीत वऱ्हाडचा आग्नेय भाग पुढे वणी जिल्हा याच नावाने ओळखला जाऊ लागला. मुख्यालय यवतमाळला असूनही हे नाव १९०५ पर्यंत टिकले. या काळात इंग्रज अधिकाऱ्यांनी कापसाचे क्षेत्र, ज्वारीचे भाव आणि सारा यांच्या बारकाईने नोंदी केल्या, परंतु गावातली माणसे सकाळी काय खात होती हा त्यांच्या आस्थेचा विषय नव्हता. त्यामुळे येथे भाषा, पंचांग, धर्मशास्त्र, शेतीचे करार आणि आजही चालू असलेल्या पाककृती यांचाच आधार घेणे भाग आहे.

आरंभ शब्दांपासून करणे सोयीचे होईल. न्याहारी आणि नाश्ता हे मराठीत रुळलेले दोन्ही शब्द फारसीतून आलेले असून दोहोंच्या मुळाशी ‘सकाळपासून काही न खाल्लेला, उपाशी’ असा अर्थ आहे. जे खायचे त्यावरून नव्हे, तर ज्या रिकाम्या पोटी ते खायचे त्यावरून हे नाव पडले आहे. स्वयंपाकाचा वेगळा प्रकार म्हणून न्याहारी जुन्या शेतकरी घरात अस्तित्वातच नव्हती. चूल दिवसातून दोनदा पेटे, आणि सकाळचे खाणे म्हणजे रात्रीच्या चुलीवर झालेल्या अन्नाचा पुढचा भाग असे. ज्वारीची भाकर, तिच्यावर तिखट किंवा जवसाची चटणी, आणि दुभते असेल तर ताक, एवढेच त्याचे स्वरूप होते. या अर्थाने न्याहारीचा इतिहास हा शिळ्या अन्नाचाच इतिहास आहे.

शिळे या शब्दाभोवती मात्र परंपरेने बरीच गुंतागुंत उभी केली आहे. रात्र उलटून गेलेल्या अन्नाला संस्कृत ग्रंथांत पर्युषित म्हणतात, आणि गीतेच्या सतराव्या अध्यायात अशा अन्नाची गणना तामस आहारात केली आहे. परंतु व्यवहाराला या कडक वर्गीकरणातून वाट हवी होती, आणि ती मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात दिसते: स्निग्ध पदार्थाने युक्त असलेले अन्न, तसेच यव आणि गहू यांचे व दुधाचे पदार्थ शिळे असले तरी खाण्यास हरकत नाही, अशी सवलत तेथे दिलेली आहे. शिळ्या पोळीला तेलातुपाची फोडणी देण्यामागे हे वचन कोणा गृहिणीने वाचलेले असण्याची शक्यता नाही. तरीही जे अन्न शास्त्राने वाचवले तेच स्वयंपाकघरानेही वाचवले, हा योगायोग मानता येत नाही. गव्हातला ओलावा पोळी भाजताना बराचसा निघून जातो, तेलाचा लेप उरलेल्या भागाचे हवेपासून रक्षण करतो, आणि गरम फोडणीत अन्न पुन्हा एकदा तापते. सोवळ्याओवळ्याच्या भाषेत जी शुद्धी, तीच उन्हाळ्याच्या तोंडावर प्रकृतीची काळजी होती.

फाल्गुन पौर्णिमेला होळी पेटते तेव्हा वणीच्या आसपास थंडी संपलेली असते आणि रब्बीचे धान्य घरात आलेले किंवा खळ्यावर असते. नवा हरभरा, नवी तूर आणि नवा गहू एकाच वेळी उपलब्ध असण्याचा वर्षातला हाच काळ होय, आणि पुरणाची पोळी डाळ आणि गहू यांच्याच मेळातून होते. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लास या ग्रंथात मांडे आणि पोळीच्या जातीच्या पक्वान्नांची वर्णने आहेत, त्यावरून गोड सारण भरलेल्या गव्हाच्या पोळ्यांची परंपरा दख्खनमध्ये किती जुनी आहे याची कल्पना येते. पण राजाच्या भोजनगृहात जे पक्वान्न, ते ज्वारी खाणाऱ्या गावात सणाचेच अन्न राहिले. वऱ्हाडात गहू पिकत असे, तरी तो विकण्यासाठी, पाहुण्यासाठी आणि देवासाठी राखला जाई. रोजचे जेवण ज्वारीचे. होळीच्या दिवशी पुरणासाठी मळलेल्या कणकेपैकी काहींच्या साध्या पोळ्या लाटल्या जात, आणि या साध्या पोळ्याच दुसऱ्या दिवशीपर्यंत टोपल्यात उरत.

त्या दुसऱ्या दिवसाला मराठीत कर म्हणतात. संक्रांतीची कर, होळीची कर आणि विदर्भात विशेष महत्त्वाची असलेली पोळ्याची कर या तिन्ही परिचित आहेत. पंचांगात होळीनंतरचा दिवस करिदिन म्हणून नोंदलेला असतो, आणि करिदिन म्हणजे कोणतेही नवे किंवा शुभ कार्य आरंभू नये असा दिवस. शुभकार्याला वर्ज्य असलेल्या या दिवसाचा उपयोग गावाने मोकळेपणासाठी केला. धुळवडीला राख व रंग खेळून झाला की पुरुषांची मटणाची जेवणे दुपारी होत; सकाळ मात्र शिळ्या सणाची असे. तूप लावून तव्यावर पुन्हा शेकलेली पुरणपोळी मुलांना मिळे. पुरणाची डाळ शिजवताना वर आलेले पाणी, म्हणजे कट, वापरून केलेली आमटी रात्रभर मुरून अधिक चवदार झालेली असे, आणि सकाळी ती उकळून तीत भाकरी कुस्करल्या जात. उरलेली भजी कढीत सोडली जात. पुरण उरलेच तर ते कणकेत मळून त्याच्या पुऱ्या होत, आणि वडे उरले तर ते गरम भातावर कुस्करून वर हिंग-मोहरीचे तापलेले तेल घेण्याची पद्धत, म्हणजेच विदर्भाचा वडाभात, हाताशी होतीच. या यादीतील जवळजवळ प्रत्येक पदार्थात आदल्या दिवसाची एक वस्तू आणि आजची फोडणी किंवा उकळी, एवढीच जुळणी आहे.

कुस्कऱ्याची पद्धत सोपी असली तरी तिच्यात हाताचे ज्ञान आहे. सात-आठ पोळ्यांचा चुरा फार बारीक झाला तर पाण्याच्या हबक्याने त्याचा लगदा होतो, फार मोठा राहिला तर कडा कडक होतात. म्हणून पोळी आधी उभी फाडून मग बोटांनी चुरली जाते, आणि मधे मधे नखाएवढे तुकडे राहू दिले जातात. लोखंडी कढईत दोन-तीन पळ्या तेल तापवून मोहरी, जिरे, हिरवी मिरची, कढीपत्ता आणि कांदा परतला जातो, हळद-मीठ पडते, आणि चुरा घातल्यावर ताकाचा किंवा पाण्याचा हलका हबका मारून झाकण ठेवले जाते. दोन मिनिटांनी सराट्याने, म्हणजे उलथन्याने, तळापासून वर घेतले की वरून सांबार भुरभुरतात. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि बाहेरून आलेल्या माणसाला त्या शब्दाने दक्षिणेकडची आमटी आठवते. आज या फोडणीत सोयाबीनचे तेल असते. जुन्या काळी ते बहुधा जवसाचे असे, कारण जवस हे विदर्भातले हुकमी गळिताचे धान्य होते. त्याच्या तेलाचा वास उग्र असतो आणि ते फार दिवस टिकत नाही, त्यामुळे ते लागेल तसे घाण्यावरून आणावे लागे. दोन-तीन पळ्या तेल एका न्याहारीला खर्च करणे हीदेखील रोज परवडणारी गोष्ट नव्हती. गहू आणि तेल, दोन्ही एकाच सकाळी सढळ हाताने वापरता येणे हा सणाचाच अवशेष होता.

हे उरलेले अन्न कोणाच्या वाट्याला येत होते, हा प्रश्न टाळून या विषयाचा इतिहास लिहिता येणार नाही. वऱ्हाडातली मोठी शेती सालदारांच्या बळावर चालत असे. सालदार म्हणजे वर्षाच्या कराराने बांधलेला शेतमजूर. गुढीपाडवा हा या कराराचा दिवस. त्या दिवशी जुना हिशेब मिटवून नवा सालदार ठेवला जाई, आणि मोबदल्यात रोख रकमेबरोबर ज्वारी ठरलेली असे. पहाटे गोठ्यावर येणाऱ्या सालदाराला मालकाच्या घरून न्याहारी मिळे, आणि ती अर्थातच रात्रीच्या अन्नातून दिली जाई. म्हणजे मालकाच्या घरातला सण सालदारापर्यंत पोहोचे तो बहुधा दुसऱ्या दिवशी, करीच्या रूपाने. ज्यांच्या घरी गहू नव्हता त्यांच्यासाठी शिळी पोळी हीच सणाची पोळी होती.

गावगाड्याच्या अगदी तळाशी ही व्यवस्था याहूनही कठोर होती. ज्यांना अस्पृश्य ठरवले होते त्यांच्याकडून गावकीची कामे करून घेऊन त्यांच्या पदरात शिळी भाकर आणि सणाचे उरलेसुरले टाकले जाई, आणि ते मागायला दारोदार जाणे हा जणू त्यांचा हक्कच आहे अशी भाषा वापरली जाई. शिळे आणि उष्टे यांतला भेद येथे मुद्दाम पुसला गेला. शिळे म्हणजे स्वतःच्या घरात रात्रभर ठेवलेले अन्न. उष्टे म्हणजे दुसऱ्याच्या पानात उरलेले. पहिल्यात काटकसर आहे, दुसऱ्यात मानहानी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाड येथे भरलेल्या परिषदेत उष्टे अन्न आणि मृत जनावरांचे मांस सोडून देण्याचे आवाहन केले, तेव्हा ते अन्नाच्या ताजेपणाविषयी नव्हे, तर या भेदाविषयी बोलत होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झालेल्या धर्मांतरानंतर विदर्भाच्या गावोगावी दारोदार भाकर मागणे ज्या निर्धाराने बंद झाले, त्याचे मोल खाद्यसंस्कृतीच्या इतिहासात जेवढे ओळखले जायला हवे तेवढे अजून ओळखले गेलेले नाही. उरलेल्या अन्नाच्या पाककृतींचे कौतुक करताना, ते अन्न आपल्याच चुलीचे असणे ही त्या कौतुकाची पहिली अट आहे, हे विसरता कामा नये.

कापसाच्या व्यापाराने वऱ्हाडात आलेल्या मारवाडी कुटुंबांनी शिळ्या अन्नाला थेट व्रताचे रूप असलेली प्रथा आपल्याबरोबर आणली. होळीनंतर सात-आठ दिवसांनी येणाऱ्या शीतळेच्या सप्तमीला किंवा अष्टमीला त्यांच्या घरी चूल पेटत नाही. आदल्या रात्री केलेल्या पुऱ्या, राबडी आणि दहीभात यांचाच देवीला नैवेद्य दाखवून तेच थंड अन्न खाल्ले जाते, आणि या दिवसाला बासोडा म्हणतात. उत्तरेकडच्या पौर्णिमान्त पंचांगाप्रमाणे हा दिवस चैत्रातला, तर मराठी अमान्त पंचांगाप्रमाणे फाल्गुनाच्या कृष्णपक्षातला असतो. महाराष्ट्रात शीतळा सप्तमी श्रावणात पाळली जाते, आणि देवी हीच रोगाची व तापाची. वसंतात देवीच्या साथी येत असत, म्हणून तिला थंड ठेवायचे, हा भाव दोन्हीकडे सारखाच आहे. दक्षिणेकडून आलेल्या तेलुगू मुळाच्या कोमटी कुटुंबांनी पुलिहोरा, म्हणजे चिंचेच्या कोळाचा भात, आणला. आंबटपणामुळे आणि तेलामुळे तो दुसऱ्या दिवशी सकाळीही उत्तम राहतो, आणि वणीच्या बाजूच्या ‘वार’ आडनावाच्या घरांतून तो शेजारच्या मराठी घरांत सहज गेला.

पाडव्याला गुढीवर आणि मुलांच्या गळ्यात असलेल्या साखरेच्या गाठ्या पुढे महिनाभर घरात राहत; त्या फोडून पन्ह्यात किंवा दुधात घालणे हाच त्यांचा उपयोग. कडुनिंबाची कोवळी पाने व फुले, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, गूळ, जिरे आणि हिंग वाटून केलेली पाडव्याची चटणी मात्र उरत नसे, कारण ती एका चमच्याहून अधिक कोणी खात नसे.

चैत्राची खरी न्याहारी वाळवणाच्या दिवसांत होत असे. वणी-चंद्रपूरच्या पट्ट्यात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, आणि जे ऊन शिजलेले अन्न काही तासांत आंबवून टाकते, तेच ऊन वर्षभराच्या कुरडया, पापड, शेवया आणि वड्या दोन दिवसांत खडखडीत वाळवते. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजत घालून रोज पाणी बदलतात. कुरडईच्या गव्हाला चौथ्या दिवशी आंबूस वास येऊ लागला की ते पाट्यावर, पुढच्या काळात यंत्रावर, वाटून कापडातून पिळतात. खाली बसलेल्या पांढऱ्या सत्त्वाला चीक म्हणतात आणि कापडात उरतो तो चोथा. रात्रभरात वर आलेले पाणी ओतून दिल्यावर पहाटे, उन्हाच्या आधी, चूल पेटते. जेवढा चीक तेवढेच पाणी मोठ्या गंजात मीठ-हिंग घालून उकळत ठेवतात आणि एकीने धार धरायची व दुसरीने लाकडी दांड्याने अखंड घोटायचे, असे दोघींचे काम असते. धार तुटली किंवा हात थांबला की गुठळी होते. दुधी रंगाचे मिश्रण हळूहळू काचेसारखे पारदर्शक होते, दांड्यावरून जड होऊन पडू लागते, आणि ओले बोट लावले तर चिकटत नाही, तेव्हा चीक शिजला असे समजतात. त्यानंतर गरम असतानाच तो सोऱ्यात भरून खाटेवर पसरलेल्या धुतलेल्या लुगड्यावर पाडला जातो, म्हणून सारी आळी मदतीला आलेली असते.

या सर्व बायकांची आणि त्यांच्या मुलांची न्याहारी म्हणजे तोच गरम चीक. वाटीत वाढून मधे खळगा करायचा, त्यात कच्चे तेल आणि तिखट किंवा दूध आणि गूळ घालायचा. त्या दिवशी त्या घरात दुसरे काही शिजत नाही. पापडाच्या दिवशी उडदाच्या लाट्या तेलात बुडवून खाल्ल्या जातात, शेवयांच्या दिवशी उरलेल्या कणकेचे काहीतरी होते. पण चिकाची सर त्यांना नाही. वऱ्हाडी पाककृतींत इतका साधा आणि इतक्या लोकांनी मिळून केलेला दुसरा पदार्थ क्वचितच असेल. कापडात उरलेला चोथाही वाया जात नाही. त्यात जिरे, तिखट आणि मीठ घालून त्याच्या वड्या वा पापड्या थापतात, आणि मराठीतला कोंड्याचा मांडा करण्याचा वाक्प्रचार अशा घरांत अक्षरशः खरा ठरतो. पुढे पावसाळ्यात डब्याच्या तळाशी कुरडयांचा जो चुरा साचतो, तो पाण्यात भिजवून कांद्यावर परतला की कुरडईची भाजी होते. चैत्रातल्या एका पहाटेचे श्रम असे श्रावणातल्या न्याहारीपर्यंत पोहोचतात.

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आंब्याचा रस सुरू झाला की त्याच्या जोडीला सरगुंडे येतात. भिजवलेल्या रव्याची बारीक वळी काडीवर, म्हणजे सरावर, गुंडाळून काढायची, वाळवायची आणि खाताना उकडायची, अशी ही विदर्भाची खास वस्तू आहे. त्यांचे स्थान लग्नाच्या आणि जावयाच्या पंगतीत अधिक असल्यामुळे न्याहारीशी त्यांचा संबंध दुसऱ्या दिवसापुरताच येतो.

रोजच्या उन्हाळी सकाळसाठी ज्वारीच होती. ज्वारीचे पीठ ताकात कालवून रात्रभर आंबू द्यायचे आणि सकाळी उकळत्या पाण्यात शिजवून पातळ आंबील करायची, ही पद्धत दख्खनमध्ये सर्वत्र आहे. ज्वारीचा भरडा शिजवून केलेल्या कण्या ताकाबरोबर खाल्ल्या जात. गहू किंवा ज्वारीचे जाडसर पीठ तेलात खमंग भाजून कांद्याच्या फोडणीत आंबट ताकाच्या वाफेवर शिजवले की उकडपेंडी होते. ती मात्र ताज्या पिठाची असल्यामुळे शिळ्या अन्नाच्या कुळातली नाही, आणि तेल अधिक लागत असल्यामुळे ती खात्यापित्या घरांत आधी रुजली असावी. आंबिलीत मात्र पीठ आंबवणे ही क्रियाच फोडणीचे काम करते. अन्न बिघडण्याच्या आधीच ते हव्या त्या दिशेने बदलून घेतले जाते.

तालुक्याच्या डोंगराळ भागातल्या गोंड आणि कोलाम वस्त्यांमध्ये वसंताची सकाळ मोहाखाली सुरू होते. मार्च-एप्रिलमध्ये रात्री गळलेली फुले पहाटे, उन्हाने सुकण्याआधी, वेचली जातात. नवी फुले देवाला दाखवल्याशिवाय खाऊ नयेत असा दंडक आहे. वाळवलेली फुले भाजून किंवा उकडून ज्वारीच्या पिठात मिसळली की त्यांची गोड भाकर होते, आणि गव्हागुळाची पुरणपोळी ज्यांच्या आवाक्यात नव्हती त्यांची ही सणाची गोडी होती. मोहफुलांकडे सरकारने मात्र दीर्घकाळ अन्न म्हणून न पाहता दारूचा कच्चा माल म्हणून पाहिले. वणीत २९ ऑगस्ट १८८० रोजी जन्मलेले लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसदजवळ गवत कापून जंगल सत्याग्रह केला, तो जंगलावर उपजीविका करणाऱ्यांच्या याच अडवणुकीविरुद्ध होता. महाराष्ट्र शासनाने मोहफुलांच्या संकलनावरील आणि वाहतुकीवरील बंधने सैल केली ती २०२१ मध्ये.

छापील मराठी पाकशास्त्राचा आरंभ १८७५ साली प्रसिद्ध झालेल्या रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या सूपशास्त्र या पुस्तकापासून मानला जातो, आणि १९७० मध्ये आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या रुचिराने वाटी-चमच्याची मापे घरोघरी नेली. ही पुस्तके मोलाची आहेत. पण नव्या वस्तू मोजून घेऊन पदार्थ करायचा असतो, हे पाककृतीच्या पुस्तकाचे गृहीत असते. उरलेल्या अन्नाला माप नसते. जेवढे उरले तेवढ्याचे करायचे, ही त्याची रीत. त्यामुळे चीक, कुस्करा आणि कढीतली भजी सासूकडून सुनेकडे तोंडीच जात राहिली.

वणीच्या सकाळीचे रूप नंतर कोळशाने बदलले. राजूरच्या जुन्या खाणीनंतर, १९७३ मधील कोळसा उद्योगाच्या राष्ट्रीयीकरणाने आणि १९७५ मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सने वणीभोवती उकणी, निलजई, मुंगोली अशा खाणींची साखळी उभी राहिली. पाळीवर जाणाऱ्या कामगाराला घड्याळाप्रमाणे खावे लागते, आणि एकट्या राहणाऱ्याच्या घरी रात्रीचे काही उरत नाही. चौकातल्या हॉटेलांमधले तर्रीपोहे, म्हणजे हरभऱ्याच्या झणझणीत रश्शासह पोहे, आणि आलूबोंडा या गरजेपोटी वाढले. पोह्यांचे धान वर्धेपलीकडून येते, म्हणजे नदीच्या दोन काठांचे जुने नाते येथेही टिकून आहे. चहाने आंबिलीची जागा घेतली. न्याहारी दुपारपर्यंत पोट भरण्यासाठी होती, चहा ती पुढे ढकलण्यासाठी वापरला जाऊ लागला.

शेतात त्याहून मोठा बदल झाला. १९७२ च्या दुष्काळात रेशनच्या दुकानात आलेली परदेशी लाल ज्वारी, म्हणजे मिलो, लोकांनी नाइलाजाने खाल्ली आणि तिची चव नकोशी म्हणून लक्षात ठेवली. पुढच्या दशकांत हरितक्रांतीचा गहू रेशनवर स्वस्तात मिळू लागला. १९९० नंतर सोयाबीनने आणि २००२ मध्ये परवानगी मिळालेल्या बीटी कापसाने खरिपातली ज्वारी मागे सारली. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तसे बैल आणि दुभते कमी झाले, आणि ताकही विकत घ्यायची वस्तू झाली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने स्वस्त गहू आणि तांदूळ यांचा हक्क मिळाला, आणि पोळी गरिबाच्या घरातही रोज होऊ लागली. ज्यांच्या आजोबांनी मालकाच्या घरची शिळी पोळी गोठ्यावर उभ्याने खाल्ली, त्यांच्या घरी आता स्वतःच्या चुलीवरच्या पोळ्या टोपल्यात उरतात. ही गोष्ट लहान नाही.

त्यातून क्रम उलटा झाला. आज वणीच्या बाजारात ज्वारी गव्हाहून महाग असते, आणि भाकर थापता येणाऱ्या हातांची संख्याही कमी होत आहे. रविवारी झुणक्याबरोबर किंवा पाहुणा आला म्हणून मुद्दाम भाकरी केल्या जातात आणि तव्यावरून उतरताच संपतात. होळीच्या करीला टोपल्यात साध्या पोळ्या असतात, पुरणाच्याही असतात. सकाळी ताकात कुस्करायला लागणारी शिळी भाकर मात्र बहुतेक घरांत सापडत नाही.